त्या पानावरचा आकडा

लातूर,
दि. २३ जून २०२४

ती. आजोबांस,
सुगतचा सविनय जयभीम. वि. वि.

इथं येऊन दहा दिवस झाले. वसतिगृहात पाऊल टाकल्या टाकल्या मोबाइल काढून घेतले. रविवारी घरी बोलायला तीन मिनिटं देतात आणि ती तिन्ही मिनिटं आई एकटीच बोलते. तुम्हाला फोनवर अर्धं ऐकू येतं आणि राहिलेलं अर्धं तुम्ही मनानंच भरता, म्हणून तुमच्याशी पत्रानं बोलायचं ठरवलं आहे. आईनं तिकिटं लावलेली पाकिटं सोबत दिली आहेत. पत्ता मात्र मलाच लिहावा लागतो.

बातमी अशी की माझं ठरलं. इथल्या रजिस्टरात प्रत्येकाच्या नावापुढं ‘ध्येय’ असा रकाना आहे. वर-खाली सगळ्यांनी डॉक्टर नाहीतर इंजिनिअर लिहिलं होतं. मी ‘विमानाचा पायलट’ लिहिलं. रेक्टर सरांनी चष्मा कपाळावर नेऊन विचारलं, की धाराशिवच्या धावपट्टीवर आजवर किती विमानं उतरताना पाहिलीस. मी म्हणालो, एक, आणि तेही पप्पांच्या खांद्यावर बसून.

बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं, ते आहेच. मग सरकारी उड्डाण संस्थेची प्रवेश परीक्षा आणि शिष्यवृत्तीचा अर्ज. मग नियम, दिशा, हवामान, यंत्रं यांचे पेपर, दोनशे तासांचं उड्डाण, परवाना, आणि शेवटी एखाद्या कंपनीत सहवैमानिक. पप्पा म्हणतात, आधी इंजिनिअरिंगची डिग्री हातात येऊ दे, मग उड कुठं उडायचं ते. एसटीत वीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस, पुढचा थांबा दिसल्याशिवाय घंटी मारत नाही.

तुम्ही माझ्या बाजूनं असणार हे मला माहीत आहे. कुर्डुवाडीला इंजिनावर कोळसा टाकणारा फायरमन म्हणून निवड झाली होती, फोरमन अरे-तुरे बोलला, आणि तुम्ही ऑर्डर त्याच्याच टेबलावर फाडून टाकलीत. मग आयुष्यभर पार्सल ऑफिसात बसलात, पण मान खाली घातली नाहीत. ही गोष्ट मी इथं सगळ्या खोलीला सांगितली आहे. तुम्ही इंजिनावर चढला नाहीत, मी त्याहून उंच चढून दाखवतो. उत्तर लवकर पाठवा.

तुमचा आशीर्वाद मागणारा,
सुगत


येडशी,
दि. १ जुलै २०२४

चि. सुगत यास,
बुद्धघोषचा सप्रेम जयभीम व अ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा शेजारच्या कमलबाईला वाचून दाखवलं, तेव्हा तिनं शिलाई मशीन थांबवलं. ती म्हणाली, आता व्हय, आपल्या गल्लीवरनं इमान जाईल तर पोरगं वरून हात तरी करंल. तू तिच्या पत्र्यावर काही टाकू नकोस एवढीच तिची अट आहे.

मला आनंद झाला. मोठा झाला. तुझी आजी असती तर तिनं गावभर सांगून तुझा परवाना आजच काढला असता. पण तू पाठवलेल्या वेळापत्रकात एक चूक आहे आणि ती गाडी सुटायच्या आधीच सुधारली पाहिजे.

पहिलं स्टेशन बारावी नाही. पहिलं स्टेशन वैद्यकीय तपासणी. विमानखात्यानं, म्हणजे डीजीसीएनं मान्य केलेले डॉक्टर असतात, ते डोळे, कान, रक्त, छाती सगळं बघून आधी दुसऱ्या श्रेणीचा दाखला देतात. पहिल्या श्रेणीचा पुढं. मी इथल्या सेतू केंद्रातल्या करिश्माकडून सगळी माहिती काढून घेतली आहे. दिवाळीच्या सुट्टीत हा दाखला घे. त्याच्या आधी कुठल्या क्लासला नाव घालू नकोस, कुणाला पेढे देऊ नकोस आणि त्या रेक्टरांशी पैजा मारू नकोस.

कारण विचारू नकोस. रेल्वेत चौतीस वर्षं काढलेला माणूस सांगतो आहे, एवढं पुरे धर. फोरमनची गोष्ट खोलीत सांगायची काही गरज नव्हती. जुन्या गोष्टी जुन्या माणसांजवळ राहू द्याव्यात.

तुझ्या पत्राकडं डोळे लावून बसलेला,
आजोबा


लातूर,
दि. १४ जुलै २०२४

ती. आजोबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. मला वाटलं होतं तुम्ही ढोल वाजवाल, तुम्ही तर लाल झेंडी दाखवलीत.

रागावू नका, पण दिवाळीत तपासणी मला जमणार नाही. सुट्टी बारा दिवसांची, त्यात गणिताचे दोन धडे उरकायचे आहेत. बारावी झाली की एप्रिल-मेमध्ये आरामात करू. मला काय झालंय? कबड्डी खेळतो, वीरभद्रच्या घरून येणारी तुपातली शेंगापोळी एका बैठकीत सहा खातो. वीरभद्र म्हणजे माझा खोलीतला सोबती, नळदुर्गकडचा, मोजून बोलणारा आणि न मोजता खाऊ घालणारा.

तुमच्या सावधपणाची मला आता गंमत वाटायला लागली आहे. तुम्ही टमाटे घ्यायलासुद्धा कमलबाईंना सोबत नेता. आणि विहाराच्या भिंतीवरचा पंचशील ध्वज? आई सांगते, कोंडीराम पेंटर आजारी पडला म्हणून तुम्ही उत्साहानं रंगवायला घेतलात आणि लाल पट्ट्याच्या जागी चॉकलेटी पट्टा ओढलात, वर दुकानदारानं डबा चुकीचा दिला म्हणून त्याच्याशी आजवर बोलला नाहीत. मी विमानात बसलो की रंगाचे डबे दुसऱ्याला उघडायला लावीन, काळजी नसावी.

आता हसा आणि मला एप्रिलची परवानगी द्या.

तुमचा हट्टी नातू,
सुगत


येडशी,
दि. २२ जुलै २०२४

चि. सुगत यास,
सप्रेम जयभीम व अ. आ.

सोबत एक पुडी पाठवतो आहे. तीत कमलबाईच्या मशीनवरचे चोवीस धागे आहेत. प्रत्येकाच्या टोकाला आकडा लिहिलेली बारीक चिठ्ठी चिकटवली आहे. कुठल्या आकड्याचा धागा कुठल्या रंगाचा, हे फक्त कमलबाईला माहीत आहे.

तू एवढंच कर. एका रंगाचे धागे एकत्र बांध, मग ते फिके असोत की गडद, आणि जुड्या पोस्टानं परत पाठव. कुणाची मदत घेऊ नकोस. म्हातारा खुळावला असं वाटलं तर वाटू दे. एप्रिलचं नंतर बोलू.

गणिताचे धडे बुडवून मात्र हे करू नकोस. नाहीतर तुझी आई माझ्याकडं येऊन भांडेल, आणि ती भांडायला लागली की मला सगळं नीट ऐकू येतं.

तुझा,
आजोबा


लातूर,
दि. ११ ऑगस्ट २०२४

ती. आजोबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

जुड्या सोबत पाठवल्या आहेत. खोलीतली पोरं विचारत होती, की पायलट व्हायला शिवणकाम लागतं का. मी म्हणालो, आमच्याकडं लागतं.

इकडं एक मोठी गोष्ट झाली. पायलटचे क्लास घेणारे एक गृहस्थ वसतिगृहात माहिती सांगायला आले होते. पांढरा सदरा, खांद्यावर पट्ट्या, भाषा एकदम गोड. त्यांनी माझा नंबर घेतला, म्हणजे पप्पांचा. त्यांचं म्हणणं, जागा लवकर भरतात, आत्ताच नाव नोंदव. मी तपासणीचं विचारलं तर हसले. म्हणाले, ती नुसती औपचारिकता असते, डोळ्यांच्या चाचणीत आकडे वाचायचे असतात, ते आम्ही आधीच पाठ करून घेतो. बघा, ज्याची तुम्ही एवढी धास्ती घेतली त्याची इथं शिकवणी मिळते.

पप्पा फोनवर हो-नाही काहीच म्हणाले नाहीत. तुम्ही त्यांना एक शब्द सांगा. तुमचं ते टाळत नाहीत.

श्रावण लागला, रामलिंगाच्या गर्दीनं येडशीचं स्टेशन भरून गेलं असेल. माकडांपासून चष्मा जपा.

तुमचा,
सुगत


येडशी,
दि. २६ ऑगस्ट २०२४

चि. सुगत यास,
सप्रेम जयभीम व अ. आ.

हे पत्र लिहायला मला दहा दिवस लागले. बसून वाच आणि एकटा असताना वाच.

ती ऑर्डर मी फाडली नाही. ऑर्डर निघालीच नाही. फोरमन मला कधी अरे-तुरे बोलला नाही, मी त्याला धड पाहिलंसुद्धा नव्हतं.

एकोणीसशे एकोणऐंशी साली, बावीस वर्षांचा असताना, मी फायरमनच्या जागेसाठी सोलापूरला रेल्वेच्या डॉक्टरांपुढं उभा राहिलो. तेव्हा आपल्याकडं लहान गाडी होती, कोळशावरची. येडशीच्या घाटात ती चढायला लागली की मी लहानपणी तिच्यासंगं पळायचो. फायरमन झालं की पुढं ड्रायव्हर होता यायचं. छाती, कान, लांबचं, जवळचं, सगळ्यात मी पास. मग डॉक्टरांनी एक पुस्तक काढलं. त्यात पानोपानी रंगीत ठिपक्यांचे गोल होते आणि ठिपक्यांत लपलेले आकडे. मला त्याची खबर आधीच होती. आमच्या आधी जाऊन आलेल्या एकानं आकडे ओळीनं सांगितले होते आणि मी ते पाढ्यासारखे घोकले होते. पहिली चार पानं मी धडाधड म्हणालो.

डॉक्टर माझ्यापेक्षा हुशार. त्यांनी पुस्तक मिटलं आणि मधलंच एक पान उघडलं. त्या पानावर मला एकवीस दिसला. मी एकवीस म्हणालो. त्यांनी परत नीट बघायला सांगितलं. मी परत एकवीस म्हणालो. त्यांनी कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली. त्या पानावर खरं काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

घरी माझ्या बापानं आधीच पेढे वाटले होते. त्याच्यापुढं जाऊन डोळ्यांत दोष आहे असं सांगवलं नाही. वाटेत गाडीतच फोरमनची गोष्ट तयार केली. पुढं रंग ओळखायची गरज नसलेली पार्सल ऑफिसातली नोकरी मिळाली आणि ती गोष्ट पक्की झाली. मीच ती इतक्यांदा सांगितली की मला त्या फोरमनचं तोंडही दिसायला लागलं होतं.

कैक वर्षं मी त्या डॉक्टरांना शिव्या घातल्या. मग एकदा कुर्डुवाडीला दिवेलागणीच्या वेळी फलाटावर उभा होतो. डबे जोडणाऱ्या एका शंटरनं लांबूनच विचारलं, सिग्नल पडला का, म्हणजे हिरवा झाला का. मी दिव्याकडं बघून पडला म्हणालो. तो पुढं आला, त्यानं स्वतः पाहिलं आणि हसला, त्याला वाटलं मी चेष्टा केली. दिवा लाल होता. त्या दिवसापासून मी डॉक्टरांना शिव्या देणं बंद केलं.

हे फक्त तुझ्या आजीला ठाऊक होतं. केशरला लग्नाच्या चौथ्याच दिवशी कळलं आणि तिनं मरेपर्यंत कुणाला कळू दिलं नाही. बाजारात ती हळूच म्हणायची, हे घ्या, हे पिकलंय. ती गेल्यावर टमाट्यासाठी कमलबाई लागते. विहाराच्या भिंतीपाशी दुकानदाराची काही चूक नव्हती. डबा मीच घेतला आणि मीच उघडला होता.

गेल्या साली पेपरात वाचलं, की हे रंगांधळेपण रक्तात असतं आणि आईच्या बापाकडून नातवात उतरू शकतं. तेव्हापासून मला घोर लागला आहे. म्हणून तपासणीचा हट्ट आणि म्हणून ते धागे. तुझ्या जुड्या आल्या. कमलबाईनं चिठ्ठ्या ताडून बघितल्या. चॉकलेटी जुडीत दोन हिरवे धागे निघाले.

कदाचित त्याला काही अर्थ नसेल. पण बारावी झाल्यावर, सगळ्यांना सांगून झाल्यावर, क्लासला नाव घातल्यावर हे कळलं तर तूही एखादा फोरमन शोधशील, याची मला भीती वाटते. आणि सुगत, त्या गृहस्थाकडून आकडे पाठ करू नकोस. मी केले होते. तुझ्या पाठीमागं दोनशे माणसं पट्टे बांधून बसलेली असतील, ती काही तुझ्या पाठांतरावर बसणार नाहीत.

मी तुझ्याशी खोटं बोललो, त्याची माफी मागतो. उत्तर द्यावंसं वाटलं नाही तरी अभ्यास सोडू नकोस.

तुझा,
आजोबा


जळकोट,
दि. १७ सप्टेंबर २०२४

ती. बाबांस,
वृषालीचा सविनय जयभीम. वि. वि.

सुगतनं तुम्हाला लिहिलं नाही, ते रागानं नाही असं मला वाटतं. गणपतीच्या सुट्टीत चार दिवस घरी आला होता. तुमचं पत्र त्यानं माझ्यापुढं ठेवलं आणि गच्चीवर जाऊन बसला. जेवला, झोपला, गणितं सोडवली, पण बोलला नाही. जाताना कपाटातली त्याची जुनी रंगपेटी उघडून बघितली आणि लगेच मिटली.

मी नर्स आहे, बाबा. आरोग्य केंद्रात रोज लोकांच्या डोळ्यांत बघते आणि घरातलंच मला दिसलं नाही. तुम्ही माझ्या वेण्या घालायचात तेव्हा एका वेणीला लाल आणि एकीला हिरवी रिबीन बांधून शाळेत पाठवायचात. मुली हसायच्या आणि मी तुमच्यावर रुसायची. तुम्ही म्हणायचात, अशीच फॅशन आहे. आईला ठाऊक होतं, मला का नाही सांगितलंत? याचा मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही. भेटल्यावर भांडणार आहे.

पण विज्ञान सांगतं ते ऐका. हा दोष बापाकडून लेकीत येतो, लेकीला बहुधा त्रास देत नाही, पण तिच्या मुलात उतरायची शक्यता निम्मी असते. म्हणजे सुगतकडं आलाच असेल तर तो माझ्या हातून आला. तेव्हा सगळा भार एकट्यानं उचलू नका. निम्मी शक्यता म्हणजे निम्मी सुटकाही असते.

ह्यांचं म्हणणं, बारावीपर्यंत विषयच काढू नका, पोरगं खचेल. मी म्हटलं, आपल्या घरात एक विषय पंचेचाळीस वर्षं काढला नाही, त्याचं काय झालं ते बघितलं. क्लासवाल्यांचा फोन आला होता, त्यांना ह्यांनी कंडक्टरच्या आवाजात सांगितलं, जागा नाही, मागची गाडी बघा.

आता सुगत ठरवील तसं. गोळ्या वेळेवर घ्या. पांढरी सकाळी आणि गुलाबी संध्याकाळी असं मी चार वर्षं सांगत आले. आता पाकिटांवर मोठ्या अक्षरात सकाळ, संध्याकाळ लिहून पाठवते.

तुमची,
वृषाली


लातूर,
दि. २९ सप्टेंबर २०२४

ती. आजोबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

महिनाभर लिहिलं नाही. आधी राग होता. मी त्या फोरमनच्या जिवावर उड्या मारत होतो आणि तुम्ही तो काढूनच घेतलात. मग भीती वाटली. धागे परत मागवून घ्यावेत आणि पुन्हा लावून बघावेत असं दहादा वाटलं. कॅन्टीनमध्ये ताटातल्या वाटाण्याकडं बघून मी स्वतःला विचारायचो, हा खरंच हिरवा आहे ना. वीरभद्रला विचारायची सोय नव्हती, तो वाटाणाच खाऊन टाकायचा.

आता ठरवलं. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याच्या डॉक्टरांकडं तपासणी करून घ्यायची. आईनं ऑनलाइन नाव नोंदवून ६ नोव्हेंबर तारीख घेतली आहे. धागे परत लावून बघणार नाही. आकडेही बघणार नाही. ते गृहस्थ पाठ करून घेतात ते आकडे मोबाइलवर पाच मिनिटांत मिळतात हे मला माहीत आहे. मोबाइल रेक्टर सरांच्या कपाटात आहे ते बरं आहे, आणि घरी गेल्यावर तो आईच्या कपाटात राहील.

त्या पुस्तकात मला जे दिसेल ते मी सांगणार. एकवीस दिसला तर एकवीस सांगणार. नापास झालो तर घरी येऊन पहिल्यांदा तुम्हाला आणि दुसऱ्यांदा या खोलीला तसंच सांगणार, फोरमन न घालता. मग विमान चालवायचं नाही तर विमानाचं दुसरं काय करता येतं त्याचं वेळापत्रक आपण दोघं बसून करू. पण पहिल्या स्टेशनावर मी उतरणार, हे नक्की.

एक सांगायचं राहिलं. मला तुमची लाज वाटली नाही. दिव्याच्या त्या गोष्टीनंतर तर नाहीच.

तुमचा,
सुगत


पुणे,
दि. ६ नोव्हेंबर २०२४

ती. आजोबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

आईनं तुम्हाला फोन करायला घेतला होता, मी तिच्या हातातून काढून घेतला. ही बातमी तुम्ही अर्धी ऐकून अर्धी मनानं भरायची नाही.

मी पास झालो. चष्म्याचा बारीक नंबर निघाला आहे, तो चालतो. रक्त, कान, छाती ठीक. हे सगळं उरकेपर्यंत दुपार झाली आणि शेवटी डोळ्यांच्या खोलीत बोलावलं. डॉक्टर बाई वयस्कर होत्या. त्यांनी ते पुस्तक टेबलावर ठेवलं तेव्हा मी तळहात पँटीला पुसले. पहिलं पान उघडलं. त्यातला आकडा मला दिसला. दुसऱ्यातला दिसला. मी घाबरून प्रत्येकाकडं इतका वेळ बघत होतो की त्यांनी दोनदा लवकर सांग म्हणून बजावलं. मग त्यांनी मुद्दाम पुढची-मागची पानं काढली, तीही वाचली. त्यांनी पुस्तक मिटलं आणि रंगदृष्टी उत्तम असं लिहिलं.

मला उठवेना. मी त्यांना विचारलं, की माझ्या आजोबांना पंचेचाळीस वर्षांपूर्वी यातल्या एका पानावर एकवीस दिसला होता, ते पान कुठलं. बाहेर माणसं खोळंबली होती, तरी त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं, एक पान काढलं आणि मला वाचायला सांगितलं.

आजोबा, त्या पानावर चौऱ्याहत्तर आहे.

हिरव्या ठिपक्यांचा चौऱ्याहत्तर, भोवती केशरी-लाल ठिपके. मी त्यात एकवीस शोधला, डोळे बारीक केले, मान वाकडी केली. मला तो काही केल्या दिसेना. तेव्हा डॉक्टर बाईंनी जे सांगितलं ते तसंच लिहितो. त्या म्हणाल्या, ते पान बनवणाऱ्यानं तसंच बनवलं आहे. साध्या नजरेला चौऱ्याहत्तर दिसतो आणि तुमच्या आजोबांसारख्या नजरेला एकवीस. त्यांनी अंदाजानं ठोकून दिलं नव्हतं. त्यांना जे दिसलं तेच त्यांनी सांगितलं.

बाहेर येऊन आईला सांगितलं तर ती दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. आत्ता चहा पिते आहे आणि तुमच्याशी भांडणार आहे असं पुन्हा म्हणते आहे. धाग्यांचंही कळलं. त्या दिवशी लाइट गेली होती आणि मी जुड्या बॅटरीच्या पिवळट उजेडात, एक डोळा गणितावर ठेवून बांधल्या होत्या. माझ्या आळसापायी तुम्हाला अडीच महिने घोर लावला, त्याची माफी मागतो.

आता बारावी. फेब्रुवारीपर्यंत पत्रं लहान असतील.

तुमचा,
सुगत


येडशी,
दि. १२ नोव्हेंबर २०२४

चि. सुगत यास,
सप्रेम जयभीम व अ. आ.

पत्र मिळालं. पोस्टमन गेल्यावर ओट्यावर उभ्यानंच फोडलं. मग कमलबाईच्या घरी जाऊन तिला वाचून दाखवायला घेतलं आणि चौऱ्याहत्तरपाशी मला वाचता येईना. उरलेलं तिनंच अक्षर लावत लावत वाचलं. ती म्हणाली, भाऊ, लई मोठं ओझं व्हतं की वो, एवढ्याशा आकड्याचं.

तू पास झालास याचा आनंद कसा लिहू ते समजत नाही, म्हणून लिहीत नाही. दुसरं लिहितो. इतकी वर्षं मला वाटायचं, त्या दिवशी त्या खोलीत मी सगळंच खोटं बोललो. आज कळलं, पहिली चार पानं खोटी होती आणि पाचवं खरं होतं. या वयात एवढं मिळालं तरी पुष्कळ झालं.

आता तुझं वेळापत्रक. पहिल्या स्टेशनापुढं मी बरोबरची खूण केली आहे. पुढं बारावी, मग प्रवेश परीक्षा, शिष्यवृत्तीचे कागद, मग पहिल्या श्रेणीची तपासणी, मग ते पाच-सहा पेपर. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला मी करिश्माकडं आत्ताच टाकला आहे, म्हणजे ऐन वेळी धावाधाव नको. तुझ्या पप्पांना, प्रेमानंदरावांना, म्हणावं, पुढचा थांबा दिसला आहे, आता घंटी मारायला हरकत नाही. मध्ये एखादी गाडी चुकली तर दुसरी बघू. इंजिन आपलं चांगलं आहे, एवढं तर कळलं.

वैशाखी पौर्णिमेला तुझी परीक्षा उरकलेली असेल. विहाराच्या भिंतीवरचा तो चॉकलेटी पट्टा खरवडून ठेवतो. त्याची हकीकत मी रविवारी वंदनेनंतर सगळ्यांना सांगितली. कोंडीराम इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि त्या दुकानदाराकडं जाऊन मी बावीस वर्षांनी चहा पिऊन आलो. त्यानं रंगाचा नवा डबा दिला आहे. त्यावर लाल असं लिहिलेलं मी चष्मा लावून दोनदा वाचलं. तरी झाकण उघडलेलं नाही. तू ये, तू उघड, आणि बघून मला सांग.

तुझ्यावर माया करणारा,
आजोबा